पाठ घासल्यावर वाऱ्यात जाऊ नये

सव्वीस वर्षं मी पाठीला टोपली बांधून दारोदार जामू, म्हणजे पाल्यामुळ्यांची औषधी पेयं, विकते. टोपलीत आठ बाटल्या, हातात पेले विसळायची बादली. हळद-चिंचेचं, तांदळाचं गोडसर, विड्याच्या पानांचं, आणि किराइताचा कडू काढा, जो पिताना शिव्या द्यायची मुभा आहे. पण खरं सांगायचं तर बाटल्यांपेक्षा माझी जीभ जास्त खपते. बाईने पेला तोंडाला लावला की मी काहीतरी सांगायचं आणि तिने ठसका लागू न देता तो संपवायचा, असा आमचा रिवाज. नवऱ्याला चहा देण्याआधी स्वतः पेलाभर पाणी प्या, तो कुठे पळून जात नाही, आणि गेलाच तर एक कप कमी विसळावा लागेल. पाळीच्या आधी चार दिवस हळद-चिंच घ्या, भांडायला ताकद राहते. ओल्या केसांनी झोपू नका. दुपारी अर्धा तास आडव्या व्हा, आणि कुणी विचारलं तर सांगा, वागियेमने, म्हणजे मी, सांगितलंय.

आणि पाठ घासल्यावर वाऱ्यात जाऊ नका. हेही मीच सांगायचे.

पोनिराहला जाऊन आता दीड महिना होईल. ती माझी मैत्रीण, आमची घरं समोरासमोर. त्या सकाळी तिला दवाखान्यात जाऊ न देता घरी झोपवणारी मी. चाळीस दिवस हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नाही. आमच्या गावात असलं तोंडावर विचारत नाहीत, आणि त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला.

पोनिराह मेणाचं काम करायची. बुटक्या पाटावर बसून, पुढ्यातल्या लहान चुलीवर मेण वितळवून, तांब्याच्या चोचीच्या लेखणीने कापडावर नक्षी काढायची. नवरा वारल्यापासून घरात एकटीच. मुलगी वेनिंग सेमारांग शहरात शिलाईच्या कारखान्यात, ती दोन-तीन महिन्यांतून एकदा यायची. माझी फेरी रोज पोनिराहच्या ओसरीवरून सुरू व्हायची आणि पहिला पेला तिचा असायचा. ती प्यायची कमी आणि माझ्या चुका जास्त काढायची. आज आलं कमी पडलंय, आज चिंच जुनी आहे, आज तुझा पदर वाकडा आहे. तिने चूक काढली नाही तर मला वाटायचं हिला बरं नाही.

तर ती चुका काढेनाशी झाली. आधी म्हणाली, पाठीत खांद्यांच्या दोन पात्यांमध्ये काहीतरी बसलंय. मग म्हणाली, विहिरीवरून येताना दम लागतो. एकदा मेणाची लेखणी खाली ठेवून जबडा चोळत बसली होती. मी विचारलं, दाढ दुखते का? तर म्हणे, माझ्या दाढा आहेत कुठे दुखायला.

आमच्याकडे कुठल्याही दुखण्याचं पहिलं नाव वारं. डोकं दुखलं, वारं शिरलं. मळमळलं, वारं शिरलं. नवरा उशिरा घरी आला आणि तोंड पाडून बसला, तरी वारंच शिरलं. त्यावर उपायही ठरलेला. खोबरेल तेलात कांदा ठेचून घालायचा, पाठ उघडी करून बाईला बसवायचं आणि नाण्याच्या कडेने कण्यापासून बरगड्यांकडे तिरक्या रेघा ओढायच्या. कातडी लाल झाली की वारं निघालं. जितकी लाल तितकं वारं जास्त. मग अंगावर जाड काही घ्यायचं, कोमट प्यायचं आणि दिवसभर घराबाहेर पडायचं नाही, कारण घासल्यावर रंध्रं उघडी असतात आणि निघालेलं वारं दुप्पट होऊन परत शिरतं. माझ्याकडे आईचं जाड तांब्याचं नाणं आहे, कडा झिजून गुळगुळीत झालेलं. अख्ख्या गल्लीतल्या पाठी मी त्या नाण्याने ओळखते.

पोनिराहची पाठ मी तीन आठवड्यांत चार वेळा घासली. पहिल्यांदा घासली तेव्हा तिला गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हिच्या पाठीतून एवढं वारं काढलंय की पतंग उडाला असता." ती हसली. मला माझ्या हाताचा अभिमान वाटला. तो आठवला की आज माझे कान तापतात.

आता नर्सबाईंचं सांगायला हवं, कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. दर महिन्याला गावच्या सभामंडपात बायकांचं वजन आणि रक्तदाब बघायला दवाखान्यातून बू लास्त्री येतात. तरुण आहेत, हळू बोलतात, आणि बायकांनी ऐकावं म्हणून आधी मला बोलू देतात. त्या महिन्यात त्यांनी सांगितलं, की बायकांचं हृदय दुखायला लागलं तर दर वेळी छातीतच दुखतं असं नाही. पाठीत दुखतं, जबड्यात दुखतं, मळमळतं, उगाच दमायला होतं. असं असेल तर घरी बसू नका, दवाखान्यात या.

त्या एवढं बोलल्या आणि मी बसल्या जागेवरून म्हणाले, "बघा, बाईचं दुखणंसुद्धा मागच्या दाराने येतं, पुढे पाहुणे बसलेले असतात ना."

सगळा मंडप हसला. बू लास्त्रीही हसल्या, बिचाऱ्या. हसून झाल्यावर कुणाला पाठ आठवेना की जबडा. बायका पेढ्यासारखा माझा विनोद घेऊन घरी गेल्या.

पोनिराह मात्र मागे थांबली होती. हे मला नंतर कळलं. तिने बू लास्त्रींना हळूच सगळं सांगितलं आणि त्यांनी तिला चिठ्ठी लिहून दिली, की गुरुवारी सकाळी मोठ्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्या, डॉक्टर त्या दिवशी असतात.

गुरुवारी सात वाजता मी नेहमीसारखी टोपली घेऊन तिच्या ओसरीवर गेले. ती पाटावर नव्हती. आत पलंगाच्या कडेला बसली होती, घामाने गळा ओला. म्हणाली, झोपच नाही लागली, पाठ घासून दे, म्हणजे दवाखान्यापर्यंत तरी जाईन. चिठ्ठी तेव्हा पहिल्यांदा मला दाखवली. मी चिठ्ठी वाचली. हेही खरंच सांगते, वाचली.

मी तिची पाठ घासली. रेघा लाल आल्या नाहीत, काळपट जांभळ्या आल्या. मी मनात म्हटलं, बापरे, केवढं हे वारं, आणि आता निघालं सगळं. ती उठली आणि बरं वाटत असल्यासारखी आवरायला लागली. ठेवणीतला ब्लाऊज घातला. तपकिरी चपलांचे पट्टे लावले. स्कूटरचं हेल्मेट घेऊन दारात आली.

मी म्हटलं, "कुठे निघालीस?"

"कुठे म्हणजे? दवाखान्यात."

"आत्ता? पाठ अजून ओली आहे तेलाने. स्कूटरवरून जाशील, सगळी रंध्रं उघडी, भर वाऱ्यात. काढलेलं सगळं परत शिरेल."

"चिठ्ठीत गुरुवार लिहिलाय, वागी."

"मग? ते यंत्र काय शुक्रवारी माहेरी जातं? उद्या जा. मी येते तुझ्याबरोबर."

ती हसली. दाराला टेकून, जबड्यावर हात ठेवून हसली. मग म्हणाली, "तू येशील ना नक्की?" मी म्हटलं, येते म्हणजे येते. तिच्या हातातलं हेल्मेट घेऊन मी दारामागच्या खिळ्याला टांगलं. खाली वाकून तिच्या चपलांचे पट्टे सोडले, कारण तिला वाकायला त्रास होत होता. चपला आत भिंतीशी लावून ठेवल्या. तिला पलंगावर झोपवून दोन चादरी घातल्या, आल्याचं गरम पाणी प्यायला दिलं, खिडकी लावून घेतली. सगळं अगदी मायेने केलं. दाराशी गेल्यावर तिने हाक मारली आणि म्हणाली, आलं कमी पडलंय. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आली माणसात.

मग मी फेरीला गेले. त्या दिवशी मी काय काय बोलले आणि कोण कोण हसलं ते मला आठवत नाही. दुपारी पाण्याच्या टाकीजवळ कुणीतरी धावत आलं, पोनिराह गेली म्हणून.

आमच्याकडे गेलेल्या बाईला बायकाच आंघोळ घालतात. आम्ही चौघी होतो. तिला कुशीवर वळवलं तेव्हा पाठ वर आली, आणि पाठीवर माझ्या रेघा. जिवंत माणसाच्या पाठीवरच्या रेघा तीन-चार दिवसांत फिकट होतात. या आता तशाच राहणार होत्या. पाणी ओतणाऱ्या मुर्तिनीचा हात क्षणभर थांबला. मुर्तिनीची कोपऱ्यावर चहा-भाताची टपरी आहे. ती हळू आवाजात म्हणाली, "बघा, किती वारं होतं बिचारीच्या अंगात. वागियेमने निदान शेवटी काढून तरी दिलं." बाकीच्या दोघींनी मान हलवली. एकीने माझ्या दंडावर हात ठेवला.

मी मुर्तिनीच्या हातून तांब्या घेतला. पोनिराहच्या पाठीवरून पाणी सोडत राहिले आणि ते रेघांवरून ओघळत राहिलं.

वेनिंग संध्याकाळच्या बसने आली. मातीवर फुलं पडली होती, ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती रडली नाही. आईचं कपाट आवरताना तिला घडीच्या कापडात ती चिठ्ठी सापडली. सातव्या दिवसाच्या पठणाला बायका जमल्या होत्या तेव्हा तिने ती चिठ्ठी चटईवर ठेवली आणि म्हणाली, "हे बघा. कागद हातात होता. दहा मिनिटांचा रस्ता. आणि ही बाई घरी झोपून राहिली."

कुणीतरी म्हणालं, पोरी, असं नको बोलू.

"का नको? आयुष्यभर हेच केलंय तिने. मला सांगायची अंडं खा, दूध पी, आणि स्वतः मेणाच्या धुरात बसून कोरडा भात. स्वतःसाठी उठून दवाखान्यात गेली नाही. माझासुद्धा विचार केला नाही."

बायकांनी माना हलवल्या. हो बाई, पोनिराह स्वतःकडे लक्ष द्यायचीच नाही. आणि मीही मान हलवली. लोकांना सल्ले देत फिरणारी मी, तिथे बसून, मेलेल्या मैत्रिणीवर ठपका जाताना मान हलवली. पाठ घासली ती चूक होती, पण ती अज्ञानाने झाली असं म्हणता येईल. ही मान मी पूर्ण शुद्धीत हलवली.

त्यानंतर वेनिंग सेमारांगला परत गेली. जाताना थडग्यावर गेली नाही. ज्यांनी विचारलं त्यांना म्हणाली, तिला माझी गरज नव्हती, आता मी कशाला जाऊ. मुलगी आईशी भांडत होती आणि आई उत्तर द्यायला नव्हती. उत्तर माझ्याकडे होतं. मी रोज सकाळी ते उत्तर टोपलीत घालून फिरत होते आणि पेले विसळत होते. पहिला पेला कुणाला द्यायचा ते कळेना म्हणून मी तो काही दिवस रस्त्याकडेच्या फणसाच्या मुळाशी ओतत होते. लोक म्हणायचे, वागियेम आता पूर्वीसारखी बोलत नाही. दुःख आहे म्हणायचे. तेही मी ऐकून घेतलं.

चाळिसाव्या दिवसासाठी वेनिंग तीन दिवसांची रजा काढून आली. आदल्या दुपारी आम्ही दोघीच पोनिराहच्या स्वयंपाकघरात आपेम करत होतो. तांदळाच्या पिठाचे हे आपेम गेलेल्यांसाठी करतात, त्यांना माफी मिळावी आणि त्यांनीही मागे राहिलेल्यांना माफ करावं म्हणून. वेनिंग सांगत होती की घर बंद करायचं, चूल आणि पाट कुणालातरी देऊन टाकायचे, अर्धवट राहिलेलं कापडही. मग ती दारामागे गेली आणि हेल्मेट घेऊन आली. लहानपणापासून ती मला बुलिक, म्हणजे मावशी, म्हणते.

"बुलिक, हे तुम्हाला हवंय का? एक गोष्ट मला कळत नाही. आई हे कायम स्कूटरच्या हँडलला अडकवायची. मी किती वेळा ओरडले, पावसात खराब होतं म्हणून. मग हे खिळ्याला कुणी टांगलं?"

मी पळी खाली ठेवली. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. अंत्यविधीच्या गडबडीत कुणीतरी टांगलं असेल, एवढं म्हटलं की झालं असतं. तोंडात आलंसुद्धा.

"मी टांगलं," मी म्हणाले. "तुझ्या आईच्या हातातून घेऊन."

तिने हातातल्या हेल्मेटकडे बघितलं.

"ती निघाली होती, पोरी. दवाखान्यात. ठेवणीतला ब्लाऊज घालून, चपला घालून दारात उभी होती. मी नुकतीच पाठ घासली होती तिची. मी म्हटलं, रंध्रं उघडी आहेत, वाऱ्यात जाऊ नको, उद्या जा. ती म्हणाली चिठ्ठीत गुरुवार लिहिलाय. मी तिला हसवलं आणि झोपवलं. ती आळसाने राहिली नाही, तिला मी ठेवून घेतलं."

बाहेर कुणाची तरी कोंबडी ओसरीवर चढली होती आणि चटईवर टोचे मारत होती. मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग तिने विचारलं, "चपला कुठल्या?"

"तपकिरी."

"पट्ट्याच्या?"

"हो."

"पट्टे लावले होते?"

"लावले होते. मी सोडले."

वेनिंग चुलीपाशी खाली बसली, आईच्या पाटावर, हेल्मेट मांडीवर घेऊन. तिचा आवाज अगदी बारीक आला. "चाळीस दिवस मी तिच्याशी भांडतेय, बुलिक. रोज. मशीनवर बसून, जेवताना, बसमध्ये. आणि ती पट्टे लावून दारात उभी होती." मग ती रडली. आल्या दिवसापासून रडली नव्हती ते सगळं तेव्हा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि मधेच मागे घेतला, कारण तो तोच हात होता.

रडून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि उठून हेल्मेट परत खिळ्याला टांगलं. मी माफी मागितली. तिने ऐकली की नाही कळलं नाही. आमच्याकडे अशा वेळी म्हणतात, असू द्या, देवाची मर्जी. तिने म्हटलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सातव्या दिवशी तुम्ही मान हलवली होतीत. मला आठवतंय."

"हो."

"या गावातल्या बायका नर्सबाईंचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. आईनेही ऐकलं. आता हे सांगा सगळ्यांना. दारोदार जाऊन, प्रत्येक पेल्याबरोबर. आईचं नाव घेऊन सांगा, की ती निघाली होती."

मी म्हटलं, मग माझ्याकडून कोण घेईल गं काही?

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "आपेम जळतायत."

दुसऱ्या दिवशी सगळं नीट पार पडलं. पठण झालं, भाताची पुडकी वाटली. वेनिंगने मला बाकीच्यांसारखंच पुडकं दिलं, दोन्ही हातांनी, रीतसर. परवा पहाटे मी बाटल्या भरत असताना ती रस्त्याने जाताना दिसली, हातात फुलांची टोपली, टेकडीच्या बाजूला. थडग्याची वाट तीच आहे. तिथूनच ती बसला गेली असणार, कारण मला सांगायला आली नाही.

आणि मी पाठीला टोपली बांधली. पाय नेहमीप्रमाणे समोरच्या ओसरीकडे वळले, तिथे कुलूप होतं. म्हणून पहिलं दार मुर्तिनीचं. ती टपरीच्या मागे भात उपसत होती, डावा खांदा हाताने दाबत. मला बघून तिचा चेहरा उजळला. म्हणाली, बरं झालं आलीस, आठ दिवस झाले, खांद्यापासून मानेपर्यंत वारं भरलंय, पायऱ्या चढले की धाप लागते. आधी कडू दे आणि मग मागे चल, ते तुझं नाणं काढ.

मी पेला भरला. तिच्या हातात दिला नाही. म्हटलं, "मुर्तिनी, नाणं नाही आणलं. दवाखान्यात चल."

"आँ?"

मी सांगायला सुरुवात केली. चिठ्ठीपासून, जांभळ्या रेघांपासून, हेल्मेटपासून. सव्वीस वर्षं ज्या जिभेने विनोद सांगितले ती जीभ दुसरं काही शिकलीच नव्हती. शब्द तेच निघत होते, तसेच हेल काढत. यंत्र काय शुक्रवारी माहेरी जातं, इथवर मी आले आणि मुर्तिनी हसली. झारा हातात धरून, पोट हलेपर्यंत हसली. म्हणाली, "किती दिवसांनी गं तुझी गंमत ऐकली. चल, आता पेला दे."

ती माझी चेष्टा करत नव्हती. मी बोलते तेव्हा ती हसते, एवढंच तिला ठाऊक. मला रडू आलं नाही. मला माझा राग आला, आणि थोडा तिचाही.

मी पेल्यातलं जामू परत बाटलीत ओतलं. टोपली सोडून टपरीच्या बाकावर ठेवली. कढईखालचा गॅस बंद केला. मुर्तिनीच्या चपला मागच्या दाराशी उलट्या पडल्या होत्या. त्या सरळ करून मी तिच्या पायांपुढे ठेवल्या आणि तिथेच उभी राहिले. ती अजून हसत होती, मग हळूहळू माझ्या तोंडाकडे बघायला लागली. गिऱ्हाइकं खोळंबली होती. एकाने विचारलं, भात मिळणार आहे का नाही. मी म्हटलं, आज नाही.

"वेड लागलंय का तुला?" मुर्तिनी म्हणाली.

"पोनिराह निघाली होती," मी म्हणाले. "चपला घाल."